फोटोतल्या झाडाला रंग देताना

एकाच टेबलावर पंधरा-सोळा वर्षं बसलं की काम किती झालं ते आठवत नाही, किस्से मात्र साचत जातात! झाडायला गेलं तर एकाखालून दुसरा निघतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात महालातल्या एका फोटो स्टुडिओत मी टचिंग करायची. तेव्हा रंगीत फिल्म धुवायला मुंबईला पाठवावी लागे, म्हणून लोक साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग चढवून घेत. माणसांचे फोटो सगळेच करत. आमची खासियत सीनरीची! तळी, डोंगर, शेतं, बागा. मालक वामनराव डार्करूममध्ये मोठे प्रिंट काढायचे. रंगाच्या टेबलावर आम्ही दोघं, मी आणि तुळशीरामजी. तुळशीरामजी उमरेडच्या विणकराच्या घरातले. लहानपण मागावर गेलेलं, त्यामुळे रंगाची नजर अशी की विचारू नका. आणि फोटो जसा आहे तसा सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं!

एकदा भिवापूरचे एक मिरचीचे व्यापारी आले. त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा फोटो होता, पेढीवर लावायला रंगीत करून हवा होता. तुळशीरामजी काडीला कापूस गुंडाळून बसले. एक हात लाल, वर दुसरा, वर तिसरा.

मी म्हटलं, "बस करा, जास्त होऊन राहिलं."

"बाई, लुगड्याचा पदर असाच असते. लाल म्हणजे लाल!"

फोटो घ्यायला व्यापारी त्यांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले. फोटो पाहून व्यापाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "लयच भडक केला गा! अशी मिरची कुठं असते?"

तेवढ्यात म्हातारीनं फोटो नाकाजवळ नेऊन न्याहाळला, आणि फटकन शिंकली!

व्यापाऱ्यांनी लगेच फोटो बांधून घेतला.

वामनरावांचं वेड म्हणजे ढग. आपल्याकडे आठ महिने आभाळ कोरं, आणि कोऱ्या आभाळाची सीनरी कोणालाच आवडत नाही. त्यांच्याकडे ढगाची एक सुरेख निगेटिव्ह होती. कुठलाही फोटो मोठा करताना ते वरच्या बाजूला तोच ढग छापून टाकत. कापसाच्या गाठोड्यासारखा, उजवीकडे एक शेपूट.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका चाळीत दोन शेजारी राहत, दोघंही ट्रान्सपोर्टच्या गोदामात क्लार्क. एकानं आमच्याकडून चिखलदरा नेला, दुसऱ्यानं पचमढी. एका रविवारी दोघंही आपापल्या फ्रेमा काखेत मारून स्टुडिओत हजर!

"वामनराव, हा ढग पाहा. अन् हा पाहा. शेपटासकट सेम!"

मी खाली मान घालून ब्रश धुवायला लागले. आता मालक काय बोलतात?

वामनरावांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. शांतपणे म्हणाले, "अहो, ढग आहे तो. एका जागी थांबते का? चिखलदऱ्यावरून निघाला, पचमढीले पोचला!"

मग पचमढीवाल्यानं विचारलं, "म्हणजे यांचा पहिले, आमचा मागून?"

खांबांची गोष्ट मात्र अंगाशी येणार होती. एका कंत्राटदारानं एका गावाच्या शिवाराची निगेटिव्ह दिली. हिरवं शेत, मधून पायवाट, लांब टेकडी. तुळशीरामजींना ती सीनरी इतकी आवडली की आभाळात आडवेतिडवे आलेले विजेचे खांब आणि तारा त्यांना बघवेनात. दोन दिवस निगेटिव्हवरच बारीक ब्रशनं रंग भरून त्यांनी सगळे खांब गायब केले. काय फोटो झाला होता म्हणून सांगू!

कंत्राटदार आला. फोटो सरळ धरला, उलटा धरला, मागची बाजू पाहिली.

"खांब कुठं गेले?"

तुळशीरामजी खुशीत म्हणाले, "काढून टाकले! आता कसं मोकळं दिसून राहिलं!"

"अहो महाराज, खांबाचाच फोटो होता तो! मी उभे केले ते! साहेबाले दाखवून बिल काढायचं आहे!"

माणूस अक्षरशः रडकुंडीला आला. निगेटिव्ह तर कामातून गेलेली. मग तुळशीरामजींनी आठवून आठवून एकेक खांब प्रिंटवर ब्रशनं परत काढला, तारासुद्धा ओढल्या. संध्याकाळी कंत्राटदारानं बोट ठेवून खांब मोजले. पुन्हा मोजले.

"एक जास्त आहे."

"थांबा, खोडतो," म्हणत तुळशीरामजींनी ब्लेड उचललं.

"राहू द्या, राहू द्या!" कंत्राटदार घाईघाईनं फोटो ओढून घेत म्हणाला. "छान दिसून राहिला!"

याच तुळशीरामजींनी चिखलदऱ्याची दरी शंभरदा तरी रंगवली असेल, पण पाहिली कधीच नव्हती. एकदा जावयानं हट्टानं नेलं. परत आल्यावर कपाळाला आठ्या. मी विचारलं,

"काय हो, आवडलं नाही का?"

"ठीक आहे," ते म्हणाले. "रंग फिके आहेत. थोडं टचिंग पाहिजे."

आता माझी चूक सांगते. नरखेड तालुक्यातला एक तरुण, डोळ्यावर गॉगल, मोटरसायकलवरून आला. त्यानं स्वतः काढलेला बागेचा फोटो होता. लग्नाची बोलणी चालू होती, मुलीकडच्यांना बाग दाखवायची होती. नरखेड म्हणजे संत्र्याचाच मुलूख, मी काय विचारणार? एकेका फळाला झकास नारिंगी रंग दिला. घ्यायला आला तेव्हा त्यानं गॉगल काढून फोटो पाहिला आणि म्हणाला, "एकदम बरोबर! अशीच आहे आमची बाग!"

आठवड्यानं त्याचे वडील स्टुडिओत येऊन गरजले, "मोसंबीच्या झाडाले संत्री कोणं लावली?"

माझ्यापायी एक लग्न मोडलं! मी उठून उभी राहिले. "काका, मीच लावली. चुकलं माझं."

ते धपकन बाकावर बसले. मुलीकडे काय झालं ते सांगितलं. सगळ्यांनी फोटो वाखाणला. मुलीनं हातात घेतला आणि म्हणाली, "ही झाडं तर मोसंबीची आहेत." मग सगळ्यांसमोर नवरदेवाला विचारलं, "तुम्ही बागेत जाता का कधी?"

"मग? मोडलं का हो?"

"मोडते कायले! माझ्या बायकोनं तिथंच पोरीले कुंकू लावलं. म्हणे, घरात झाड ओळखणारं एक माणूस तरी येऊन राहिलं!"

लग्नानंतर महिनाभरानं ती नवी सून स्वतः फोटो घेऊन आली. मागे नवरा, गॉगल खिशात.

मी म्हटलं, "आण वं, सगळी संत्री पुसून मोसंबी करून देते."

"ते तर कराच ताई," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "अन् त्या विहिरीजवळ, हातात फावडं देऊन, ह्यायले उभं करा."