काळ्या पेटीवरची अक्षरं

रेगेकाकांच्या बंगल्यावर गोजर कामाला लागली ती झाडू-पोछा, भांडी आणि दोन वेळच्या स्वयंपाकासाठी. आटगाव स्टेशनच्या मागे भातखाचरांत प्लॉट पाडून जे बंगले झाले, त्यातला अगदी टोकाचा काकांचा. तारखात्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस. बायको वारलेली, मुलगी मृणाल पुण्याला. मागच्या खोलीत टेबलावर दोन लोखंडी पेट्या होत्या, एक करडी, एक काळी. करडी ऐकायची, काळी बोलायची. सरकारी परवाना काढून घरबसल्या वायरलेसवर लांबलांबच्या माणसांशी बोलायचं, हा काकांचा चाळीस वर्षांचा नाद. हॅम रेडिओ म्हणायचे ते त्याला.

पहिल्याच आठवड्यात गोजरने करडी पेटी भांड्यांच्या घासणीने घासली. काका खूश होतील असं तिला वाटलं होतं. कोपऱ्यातल्या बटणाखालचं एक अक्षर अर्धं उडालं. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला टेबलासमोर बसवलं.

"चूक माझी. आधी सांगायला हवं होतं. आता नीट बघ."

त्यांचे स्वतःचे हात कापायचे, कप उचलला की चहा बशीत सांडायचा. म्हणून ते सांगायचे आणि गोजर करायची. आधी पिन भिंतीतून काढायची. मग मऊ ब्रशने धूळ. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि आधी पेटीच्या पाठीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी पुसून बघायचं. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबायचं. अक्षरं रंगाने लिहिलेली, म्हणून त्यांच्यावरून फडकं न्यायचं नाही, कापसाच्या काडीने भोवतीभोवतीने जायचं. थिनर तर खोलीत आणायचाच नाही. काळ्या पेटीचा रंग मुद्दाम सुरकुत्या पाडून दिलेला, तिला दात घासायचा जुना ब्रश, तोही हलक्या हाताने.

करड्या पेटीला पाच महिने लागले. काकांच्या सिगारेटींचा पिवळा थर उतरला आणि खालून भाताच्या तुसाच्या राखेसारखा मूळ रंग वर आला. त्या दिवशी गोजर स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मागच्या खोलीत काका माइकवर नाशिकच्या कुणाशी तरी मराठीत बोलत होते.

"करडी पेटी पूर्ण झाली एकदाची. पाच महिने लागले. सगळं माझ्या हाताने."

घरी तिने सुनेला, समीक्षाला, हे सांगितलं.

"मग तू काय बोलली नाय?"

"काय बोलू? हात कापतात, ते काय लोकांना सांगतील?"

बोलली असं, पण काळ्या पेटीला हात घालायला तिने उगाच दिवस लावले. आज कणगीचं काम आहे, उद्या पाहुणे आहेत. काकांनी दोनदा आठवण केली, मग विचारणं सोडलं. माघात एका सकाळी ते खुर्चीतच गेले. काळी पेटी तशीच मळकी राहिली.

बंगला विकायला मृणाल आली. पेट्या घ्यायला रविवारी नाशिकहून कुलथे नावाचे गृहस्थ येणार होते. शनिवारी तिने शहापूरच्या बाजारातून ओट्याचा तेलकटपणा काढायचा स्प्रे आणला.

"ताई, तो नका मारू. अक्षरं जातील."

"मावशी, मी केमिस्ट्री शिकलेय."

स्प्रे मारला, पुसलं. फडक्यावर काळं आणि पांढरं दोन्ही आलं. बटणांखालची अक्षरं गेली होती, आणि जिथे जोर दिला तिथे पत्रा दिसत होता. मृणालने फडकं कचऱ्यात टाकलं आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवशी कुलथे करड्या पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"रेगे सांगायचे मला. पाच महिने! काय हात होता माणसाचा."

"हो, बाबांनीच केलं," मृणाल म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"आणि हिला काय झालं?"

मृणालने फोन हातात घेतला. "ती मावशींनी पुसली. त्यांना काय कळणार."

गोजर चहा घेऊन दारात उभी होती. "मी नाय पुसली, ताई."

"असू दे हो मावशी. मी रागावले का तुमच्यावर?"

कुलथे भले गृहस्थ. कप घेता घेता ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, पुढे लक्षात ठेवा. रंगावर स्प्रे मारायचा नसतो. साबणाचं पाणी, मऊ ब्रश. आणि शेवटी थोडं मेणाचं पॉलिश."

"या काळ्या रंगाला मेण नको, साहेब. सुरकुत्यांत बसतं न् वाळलं की पांढरं दिसतं. मग निघत नाय."

कप त्यांच्या ओठाशीच थांबला.

"करडीवरचा पिवळेपणा कसा निघाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिवसाला चार बोटं जागा. पाणी गार झालं का बदलायचं."

कुलथ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मृणालकडे. मृणाल फोनमध्ये बघत होती. गोजर थांबली. आता हा माणूस बोलेल, एवढं एकच वाक्य बोलेल, असं तिला वाटलं. कुलथ्यांनी चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "चला, ऊन चढायच्या आत गाडीत ठेवून घेऊ."

गाडीत चादर तिनेच अंथरली. करडी पेटी तिनेच गुंडाळली. गाडी हायवेकडे वळली तेव्हा मृणाल म्हणाली, "बरं झालं, घेतल्या तरी." गोजर कप विसळायला आत गेली.

घरी समीक्षा चिडली. "ओरडायचं होतं ना तिथंच!"

"त्याला कळलं गो. कळूनशान गप राहिला. आता कोणाला ओरडू?"

दिवाळीच्या आधी बंगल्यात ठाण्याचं कुटुंब आलं. नव्या बाईंनी गोजरला कामावर ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी घर दाखवताना काचेच्या कपाटाजवळ त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "बाकी सगळं तुमचं. एवढ्या कपाटाला तेवढा हात लावू नका हं. मृणालताईंनी सांगितलंय, तुम्ही प्रामाणिक आहात, पण नाजूक वस्तू तुमच्या हातात द्यायच्या नाहीत."

"बरं," गोजर म्हणाली आणि बादली भरायला मोरीत गेली.