संगीत ‘पूर’ आणि वाळवीनं खाल्लेलं पान

पहिलंच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर वायरमनकी केली. लाइट गेली म्हणजे कुठंतरी तार तुटलीय, एवढंच मला कळतं. हसायचं तर हसा... पण आधी पूर्ण वाचा.

गाव आमचं सोनाळा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी एका जुन्या परदेशी कादंबरीवरून अख्खं संगीत नाटक लिहिलं होतं — ‘संगीत पूर’. कादंबरीतली बर्फाची नदी त्यांनी सरळ पूर्णेवर आणली, नवऱ्याची वाट पाहणारी नायिका चंद्रा अगदी आपल्याकडची केली. आणि पदं! काय पदं होती हो! मी पुढं मोठमोठी नाटकं पाहिली, पण तसं काळजात घुसणारं काही ऐकलं नाही. फक्त शेवटी चंद्रा पुरात जीव देते ना... गावकरी अडून बसले. “बाई मरते असलं नाटक गावात लावाचं नाही!” मास्तरांनी शेवट बदलला नाही. नाटक ट्रंकेत गेलं आणि मास्तर ते न पाहताच वारले.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही पोरांनी हट्टानं ते बसवायचं ठरवलं. मास्तरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, एकच इच्छा होती — चंद्राचं शेवटचं पद ऐकायचं. मास्तरांनी त्यांना ते एकदाच म्हणून दाखवलं होतं. पण ट्रंक उघडली तर नाटकाच्या वहीतलं नेमकं तेच पान वाळवीनं खाल्लेलं! त्या जागी मी एक कोरं पान शिवून टाकलं. काकू म्हणाल्या, “मले शब्द याद नाही बाप्पा. कानावर आले त ओळखीन.”

मग ठरलं, चंद्रा नुसतीच पाण्यात उतरेल आणि पडदा. काकूंना रातांधळेपणा, म्हणून प्रयोग दुपारी तीनला, शाळेच्या हॉलमध्ये. चंद्रा झाला होता नामदेव — वडनेर भोलजीचा, आमच्याकडं नुकताच घरजावई आलेला, वांग्या-मिरच्यांची वाडी करायचा. मास्तरांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. गळा सोन्याचा, पाठांतर शून्य! एकेक ओळ विंगेतून द्यावी लागायची. प्रॉम्प्टर मी. वही हातात, पेन्सिल कानावर.

शेवटचा प्रवेश आला. मी पडदेवाल्याला हात करणार... तेवढ्यात नामदेवनं सूर लावला.

पूर्ण पद म्हटलं त्यानं. आठ ओळी. चूल, उंबरा, गाय — एकेकाचा निरोप घेत होती चंद्रा, एवढंच आठवतं. प्रत्येक ओळीआधी तो किंचित थांबून माझ्या विंगेकडं कान द्यायचा, नेहमीसारखाच. मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! पेटीवाला चाचपडत साथ करत होता. खरं सांगतो, भीती वाटलीच नाही. इतकं सुंदर होतं ते.

पडदा पडल्यावर नामदेव धावतच आला. “काऊन बे, पान सापडलं त सांगाचं होतं ना मले!”

“म्या काहीच नाही सांगतलं.”

“मस्करी नको करू. एकेक ओळ देऊन राह्यला होता तू. अन् खांबावर अंगठीनं टकटक कायले करत होता?”

मी अंगठी कधीच घातली नाही. शाळेत कविता शिकवताना टेबलावर अंगठीनं ठेका धरायचे ते मास्तर.

काकू पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “हेच होतं रे. अक्षर न् अक्षर.” आणि हसल्या... वर्षभरात पहिल्यांदा.

मी सगळं तपासलं. विंगेमागची खिडकी पाहिली, पेटीवाल्याला खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी नामदेवच्या वाडीत जाऊन म्हटलं, एक तरी ओळ सांग. वांगी तोडता तोडता तो म्हणाला, “काहीच याद नाही राह्यलं भाऊ. तू देशीन त म्हणीन.”

साठ वर्षं झाली. उत्तर नाही. त्या नाटकाचं कुणी नाव घेत नाही. शेवटच नाही तर करणार कोण? वही माझ्याकडंच आहे, ते कोरं पानही. भूत होतं की भास, हे विचारणं मी सोडून दिलंय. मला खातं ते वेगळंच — मास्तर आठ ओळी द्यायला परत आले, वही माझ्या हातात होती, पेन्सिल कानावर होती... आणि मी नुसता ऐकत उभा राहिलो.