टोपली न लावता सोडलेलं पाणी

प्लेग यायच्या आधीची गोष्ट, पण आठवली की अजून माझं डोकं तापतं. दादरच्या सखल भागात तेव्हा आमचं भातखाचर होतं. नातवंडांना खरं वाटत नाही, न वाटो.

त्या श्रावणात भातावर सुरळीची अळी पडली. ही बया पानाचा शेंडा कातरते, त्याची सुरळी करून आत बसते आणि उरलेलं पान खरवडून पांढरं करते. उपाय सोपा. दोघांनी लांब सुंभ धरून भातावरून ओढायचा, सुरळ्या पाण्यात पडून तरंगतात, मग बांध फोडून पाणी सोडायचं. पण आधी पाणी सुटेल त्या तोंडाशी बारीक विणीची टोपली लावायची. अळ्या टोपलीत, टोपली कोंबड्यांपुढे. कारण खाली दुसऱ्याचं भात असतं ना!

खालचं खाचर एकट्या कोळीणमावशीचं. तिचं वर्षाचं भात तेवढंच.

आमचे हे तापानं पडलेले, म्हणून गिरगावातून दिरांना बोलावलं. ते कोटात, म्हणजे फोर्टात, कचेरीत कारकून. सुंभ ओढून झाला, मी टोपली आणायला घरात गेले, तेवढ्यात भावोजींनी बांध फोडलाही!

"किती वेळ थांबायचं, वहिनी? पाणी गेलं, कीड गेली."

"गेली कुठं, भावोजी?"

"समुद्रात," म्हणे, आणि हसले.

समुद्र! मधलं हिरवंगार खाचर दिसलं नाही ह्या शिकलेल्या डोळ्यांना?

आठवड्यात मावशीचं भात पांढरं पडू लागलं. सासूबाईंनी मलाच दटावलं, "कीड वाऱ्यानंही येते. तू तोंड उघडू नकोस." वाऱ्यानं! दुसऱ्याच्या ताटात माती कालवायची आणि नाव वाऱ्याचं!

मी बांधावर जाऊन सांगितलंच. "मावशी, कीड आमची. आम्ही टोपली लावली नाही."

ती भाताकडेच बघत राहिली. "बारकी पोर पन इसरत नाय गो टोपली. तुमचा सायेब इसरला?"

रविवारी दीर आले, तसं सुंभाचं टोक त्यांच्या हातात दिलं. "चला, मावशीच्या खाचरात."

"लोक बघतील, वहिनी!"

"बघू देत. धोतर खोचा."

दिवसभर ओढायला लावलं. टोपली मावशीनं स्वतः धरली, मला हात लावू दिला नाही. तिचं निम्मं भात वाचलं, निम्मंच. सुगीत आमच्या भाताचे भारे मी तिच्या दारात नेऊन टाकले. तिनं ठेवून घेतले, पण बोलली नाही. का बोलावं तिनं?