वॉर्डातल्या मावशी आणि बँकेचे शेअर

ती घटना मी सहसा कोणाला सांगत नाही. निवृत्त पोलीस दिसला की लोक लग्नाच्या मांडवातही म्हणतात, "साहेब, एखादी गाजलेली केस सांगा." मी खुनाची सांगतो, दरोड्याची सांगतो. ही सांगत नाही. पण एकटा असलो की आठवते ती हीच, आणि आठवली की माझी मला लाज वाटते.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. मी रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निम्मा स्टाफ नाक्यांवर, चारजण विलगीकरणात, आणि स्टेशन डायरीत चोऱ्यांपेक्षा मास्क न लावणाऱ्यांच्याच नोंदी जास्त. अशात मुंबईहून आलेला एक गृहस्थ तक्रार घेऊन आला. त्याचे वडील बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. कोरोना केंद्रात बारा दिवस ऑक्सिजनवर राहून ते वारले होते. मुलाला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. कपडे, चष्मा, मोबाईल असं सामान तेवढं प्लास्टिकच्या पिशवीतून हातात आलं. नंतर त्याने आईसोबत जाऊन पासबुक भरून घेतलं, तर वडील वॉर्डात असतानाच खात्यातून चार वेळा पैसे गेलेले. साठवणीतलं जवळजवळ सगळंच.

"वडील श्वासाला महाग झाले होते साहेब, आणि कोणीतरी त्यांचं खातं साफ केलं," तो म्हणाला.

मी गुन्हा दाखल केला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम लागलं की तपास निरीक्षकानेच करायचा असतो, म्हणून तपास माझ्याकडे राहिला. पैसे एका शेअर दलाल कंपनीकडे गेले होते. ते वाचून मी मनाशी पक्कं केलं की चोराने पैसे तिकडे वळवून पुढे काढून घेतले असणार. खरं सांगायचं तर शेअर ठेवायचं डिमॅट खातं कसं चालतं हे मला धड ठाऊक नव्हतं. हाताखालच्या लोकांना कसं विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी केंद्रातल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. "वॉर्डातली मावशी बघा साहेब. म्हाताऱ्याचा मोबाईल रोज तिच्याच हातात असायचा."

ही मावशी म्हणजे कंत्राटावरची वॉर्ड अटेंडंट. वय पंचेचाळीसच्या आसपास, शहराबाहेरच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला, त्याचं काम टाळेबंदीत सुटलेलं. घर तिच्या पगारावर चाललेलं. मी वॉर्डाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. त्यात ती पीपीई किट घालून म्हाताऱ्याच्या खाटेशी बसलेली, मोबाईल तिच्या हातात, त्यावर काही तरी चाललेलं. मला वाटलं, झालं, केस उलगडली.

साक्षीदार बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो. संशयित म्हणून नोटीस दिली की बोलावता येतं. मी नोटीस दिली. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवायचं नाही, म्हणून संध्याकाळी सोडायचो आणि सकाळी दहाला परत हजर. असं तीन दिवस. महिला अंमलदार शेजारी उभी असायची. कायद्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती आणि मला त्याचा अभिमान होता. कोविड वॉर्डातली बाई म्हणून तिला कोणी रिक्षात घेत नव्हतं. ती वाडीवरून सहा किलोमीटर चालत यायची, हे महिला अंमलदाराने मला सांगितलंही होतं. मी म्हटलं, येऊ दे.

तिला आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचो आणि मी सहा फुटांवर खुर्ची टाकून प्रश्न विचारायचो. ती उठली की हवालदार बाकावर औषध फवारायचा. तिच्यादेखत.

"मोबाईल तुझ्या हातात कशाला?" तिला अहो-जाहो करणं मला सुचलंही नाही.

"बाबांनीच धरायला सांगितलंनी. त्यांचे हात कापायचे, मास्कच्या वाफेनं चष्म्यातनं दिसायचं नाय. मी आकडे वाचायची, बोट ते लावायचे."

"कसले आकडे?"

"ब्यांकेच्या शेरांचे."

हवालदार हसला. मीही हसलो. "ऑक्सिजनवरचा माणूस शेअर घेत होता?"

"घेत होते, साहेब. म्हणायचे, सगळे घाबरून विकतायत, आता स्वस्त मिळतायत. सगळं बंद पडलं तरी ब्यांकेचं शटर वर होतं ना, म्हणायचे. मी बत्तीस वर्सं ते उघडलंय, मला म्हायत्येय."

"आणि ते तुला सांगत होते?"

"मग कोणाला सांगणार? वॉर्डात मीच जायची जवळ." मग पुढे म्हणाली, "म्हातारीला पोरांसमोर हात पसरायला लागू नये, असं व्हतं त्यांच्या मनात."

जबाब मीच तोंडी सांगत होतो, लेखनिक टंकत होता. हे शेवटचं वाक्य असंबद्ध म्हणून मी घालू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या घराची झडती घेतली. पोलीस पाटील, दोन पंच, आमची गाडी. सगळी वाडी लांब उभी राहून बघत होती. ट्रंक घरापुढच्या खळ्यात आणून उपडी केली. मुलांचे कपडे, रेशनकार्ड आणि वहीचा एक कागद निघाला, त्यावर पेन्सिलने रोजचे आकडे लिहिलेले. शेअरचे भाव होते ते. काल काय भाव होता हे म्हातारा दुसऱ्या दिवशी विचारायचा, म्हणून ती लिहून ठेवायची. तिने तसं सांगितलं. मी तो कागद मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि पंचनाम्यावर सह्या घेतल्या. त्याच दुपारी कंत्राटदाराने तिला कामावरून काढलं.

चार दिवसांनी सायबर शाखेमार्फत दलाल कंपनीचं उत्तर आलं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. शेवटी एका बँक अधिकाऱ्याला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे पैसे गेले कुठे?" मी विचारलं.

"गेले कुठेच नाहीत साहेब. त्यांच्याच खात्यात त्यांनी स्वतः शेअर घेतलेत. आहेत तिथेच आहेत. त्याच आठवड्यात वारस म्हणून बायकोचं नाव लावलंय."

फोनवरचं ते बोलणं पाच मिनिटांचं होतं. तक्रार आली त्याच दिवशी कोणाला तरी विचारलं असतं आणि कंपनीच्या उत्तराची वाट बघितली असती तर ती बाई माझ्या बाकावर आलीच नसती. तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. मला तो खरा वाटला नाही, कारण मरणाच्या दारात माणूस असं काही करेल हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं, आणि सांगणारी साफसफाई करणारी बाई होती. डॉक्टरने तेच सांगितलं असतं तर मी लगेच मानलं असतं.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, "बाबा आम्हाला काही बोलले नाहीत." मी कोर्टात 'सी' समरी पाठवली. गुन्हा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झाला, असा त्याचा अर्थ. गैरसमज कोणाचा, हे लिहायला त्या कागदात रकाना नसतो.

पंधरा दिवसांनी ती ठाण्यात आली. बाकावर बसली नाही, उभीच राहिली. "साहेब, माझ्याकडनं काय झालं नव्हतं, येवढं कागदावर लिहून द्या. कंत्राटदार म्हणतो, पोलिसांचं पत्र आण, परत घेतो."

"तसा नमुना नसतो," मी म्हणालो.

"नमुना नको. साधंच लिवा."

"कोर्टाचा कागद येईल. तोच दाखव."

कोर्टाचा कागद येईपर्यंत ते केंद्रच बंद झालं, आणि त्या कागदात तिचं नावही नव्हतं. मी पत्र देऊ शकलो असतो. चार ओळी आणि ठाण्याचा शिक्का, कोणी अडवणार नव्हतं. पण ते पत्र घेऊन ती वर तक्रारीला गेली तर माझी चौकशी लागेल, आणि माझी निवृत्ती जवळ आली होती. मी घाबरलो, इतकंच ते कारण. एवढ्याशा भीतीपोटी मी एका घराचा पगार घालवला.

निवृत्त झाल्यावर या गोष्टीने मला घरात नीट बसू दिलं नाही. शेवटी एक दिवस मी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. तपासात त्या पूर्ण निर्दोष आढळल्या, चूक माझी होती, असं स्वच्छ लिहून खाली सही केली. शोध घेतला तेव्हा कळलं की ती मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते. मी तिथे गेलो. तिने मला लगेच ओळखलं. हात धुऊन, पदराला पुसून बाहेर आली.

"ताई, तुम्ही मागितलेलं पत्र," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणत होतो.

तिने सावकाश सगळं वाचलं. "शिक्का नाय ह्याच्यावर."

"मी आता नोकरीत नाही."

"तेव्हा होतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी माफी मागितली. तिने पत्राची घडी घातली. म्हणाली, "बाबांचे शेर वाढले काय हो?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी तिला त्या शेअरांवरून छळलं होतं, आणि पुढे त्यांचं काय झालं हे बघायची बुद्धी मला एकदाही झाली नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईल काढला. तिने बँकेचं नाव सांगितलं, म्हाताऱ्याने कोणत्या भावाला घेतले होते तो आकडाही न अडखळता सांगितला. भाव दुपटीच्या वर गेला होता. मी तो तिला दाखवला.

"मग झालं म्हातारीचं," ती म्हणाली. पत्र तिने माझ्या हातात परत दिलं. "हे ठेवा तुमच्याकडंच. मी कोणाला दाखवणार आता?" आणि आत कामाला गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर तपासातल्या चुका मी सांगू शकतो. आधी विचारायला हवं होतं, ऐकायला हवं होतं, हे सगळं खरं आहे. पण चुका मी नोकरीत इतरही केल्या आणि त्या पचल्या. ही पचत नाही. मी चुकलो हे मला त्या फोननंतर पाच मिनिटांत कळलं होतं. ते चार ओळींत लिहायला मी इतकी वर्षं लावली, आणि लिहिलं तेव्हा तिला त्याची गरज उरली नव्हती. गरज होती ती फक्त मला.