केरळचे आठ भाग आणि घरची चक्की

प्रवासाहून आलो की मी लगेच लिहीत नसे. आधी खिशातली, पाकिटातली, वहीत दाबून ठेवलेली सगळी तिकिटं टेबलावर मांडायची आणि तारखेप्रमाणे लावायची. रिक्षावाल्याने जास्त घेतले असं जिथे वाटलं असेल, तिथल्या लॉजवर फोन करून खरा दर विचारायचा. बोटीची वेळ पुन्हा तपासायची. हे सगळं जुळेपर्यंत दोन-तीन महिने सहज जात. मग लेखाचे भाग पाडून दर शुक्रवारी एक, असे ते माझ्या ब्लॉगवर टाकायचे. पुण्या-नाशिकच्या वाचकाला मी तिथे नेमका कधी होतो याच्याशी काही घेणं नव्हतं. स्वस्त लॉजमध्ये गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, हे त्याला कळलं की झालं.

त्याआधी मी एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो. जिनिंगचा मालक बदलला, नव्या मालकाने स्वतःचा माणूस आणला आणि मी घरी बसलो. आमच्या बाभुळगावच्या घराला पुढच्या अंगाला पिठाची चक्की आहे. ती बायको चालवते. चक्कीवर घर चालायचं. ब्लॉग आधी हौस म्हणून सुरू झाला, पण हळूहळू त्याच्यावर जाहिराती येऊ लागल्या. माझ्या लेखातून कोणी लॉजची खोली घेतली तर थोडं कमिशन मिळू लागलं. बऱ्या वर्षी त्यातून माझ्या पुढच्या प्रवासाचा खर्च आणि मुलीची कॉलेजची फी निघायची. पाहुण्यांना मी काय करतो ते समजावून सांगणं अवघड होतं. बायको सांगायची, “हे फिरते आणि लिहिते.” ऐकणारा पुढे काही विचारायचा नाही.

त्या हिवाळ्यात मी केरळला गेलो होतो, एकटाच, नेहमीसारखा. संक्रांतीच्या आत परत आलो. आठ भाग होतील एवढा मजकूर होता. तिकिटं लावली, फोन केले, लिहून काढलं. पहिला भाग टाकायची वेळ आली आणि देशभर टाळेबंदी लागली.

आधी कमिशन गेलं. लोकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी घेतलेल्या खोल्या रद्द केल्या, त्यामुळे माझ्या खात्यात आधीच जमा दाखवलेली रक्कमही परत फिरली. एके दिवशी खातं उघडलं तर आकड्याच्या आधी उण्याची खूण. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, तोट्याचेही लिहिले. पण घरात बसून, कुठेही न जाता, मीच कोणाचं तरी देणं लागतो, असं कधी झालं नव्हतं. आम्हा प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यावर पूर्वी डोंगर आणि सूर्यास्त यायचे. आता कोल्हापूरकडच्या एकाने कॅमेरा विकायला काढल्याचा फोटो आला, लेन्ससकट. कोणी किंमत विचारली नाही. विकत घेण्यासारखं ग्रुपवर कोणीच नव्हतं.

उरल्या जाहिराती. त्या नवीन लेखावरच मिळायच्या, आणि नवीन म्हणण्यासारखं माझ्याकडे केरळ तेवढं होतं. टाकलं. दर शुक्रवारी एक. लोक घरात कोंडलेले, बरेच जण वाचत होते. फोटोत मी सरकारी बोटीत बसलोय, हातात शहाळं, मागे हिरवं पाणी. गावातलेही बरेच जण फेसबुकवर पाहत होते, हे मला माहीत होतं. त्याचं मला बरंच वाटायचं.

चक्कीला सकाळचे काही तास परवानगी होती. दारापुढे चुन्याने गोल आखले होते, एकेका गोलात एकेक डबा. गहू, ज्वारी, कोणाची बेसनासाठी डाळ. तिसरा भाग टाकला त्या आठवड्यात बायको म्हणाली, “दोनच डबे आले आज.” मी म्हटलं, लोकांकडे दाणेच संपले असतील. पुढच्या दोन दिवसांत गोल रिकामेच राहिले. मोटार सुरू करण्याइतकंही दळण येईना.

“लोकं दळन नेऊन राह्यले तिकडच्या चक्कीवर, पार नाल्यापलीकडं,” तिने सांगितलं. “इतक्या उन्हात. काहून जात असतीन?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आशाताईने आणलं. आमच्या भागातली ही आरोग्यसेविका, तिच्या हातात ताप पाहायची बंदूक, तोंडाला पदर आणि त्यावर मास्क. ती ओट्याच्या खालीच उभी राहिली.

“दादा, तुमच्याबद्दल सांगितलं कोनीतरी. तुम्ही केरळातून कवा आले?”

“संक्रांतीच्या आधी.”

“मंग परवा नारळपानी कुठं पिऊन राह्यलते?”

“तो जुना फोटो आहे.”

“जुना कसा? मी सोता पाह्यला. परवाच आला. लाइकबी केला म्या.”

मी तिकीट आणून दाखवलं. नागपूरला उतरल्याची तारीख तिने वाचली, माझा ताप पाहिला, बायकोचा पाहिला, वहीत लिहिलं आणि गेली. तिचं समाधान झालं होतं. पण ती आमच्या दारात उभी राहिली, हे अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. त्या काळात साथीच्या बातम्यांमध्ये केरळचं नाव रोज यायचं. आणि केरळात बोटीत बसून शहाळं पिणारा माणूस दर शुक्रवारी गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर दिसत होता. त्यांच्या जागी मी असतो तरी माझं दळण या चक्कीवर दिलं नसतं.

मला जे सुचलं ते माझ्या स्वभावाप्रमाणे सुचलं. येण्याजाण्याच्या दोन्ही तिकिटांच्या प्रती काढल्या, खाली मोठ्या अक्षरात प्रवासाच्या तारखा लिहिल्या, ‘त्यानंतर मी गाव सोडलेले नाही’ असं एक वाक्य लिहिलं आणि तो कागद गव्हाच्या पिठाची खळ करून चक्कीच्या दारावर चिकटवला. चारही कोपरे नीट दाबले. वाचलं की कोणाचाही संशय फिटेल, अशी माझी खात्री होती.

सकाळी एक बाई डबा कमरेवर घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत आली. तिने दाराकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि मागे फिरली. तिच्यामागून दुसरी आली, तीही फिरली. समोर चाचांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान बंद होतं, पण चाचा दिवसभर त्याच्या पायरीवरच असायचे. ते तिथूनच ओरडले, “भाऊ, पयले ते काढा! अक्खा मोहल्ला म्हनते, तुमाले सील केलं!”

“अहो चाचा, वाचा तर खरं, काय लिहिलंय!”

“मी कायले वाचू? कागद लागलेल्या दारापाशी कोन वाचाले जाते?”

खरंच होतं ते. आजारी माणसाच्या दारावर तेव्हा असाच कागद लागायचा. मी कागद काढायला गेलो तर खळ वाळली होती, अर्धा कागद दारालाच राहिला. तो बायकोने ओल्या फडक्याने पुसून काढला. पुसताना ती एवढंच म्हणाली, “माह्या चक्कीवर इतके दिवसात कधी एक डबा मागं गेला नाई.”

त्या दुपारी मी चौथ्या भागावर सगळ्यात वर प्रवासाची तारीख घातली, ठळक. पाचवाही तसाच तयार केला. तारीख पाहिल्यावर दूरचे वाचक गळू लागले. बंद असलेल्या बोटीची जुनी वेळ कोण वाचणार? आणि गावात त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण गावात लोक अक्षरं वाचत नव्हते, फोटो पाहत होते. लेख ठेवले तर चक्की जाते, आणि लेख काढले तर फीसाठी उरलेली शेवटची मिळकतही जाते, असं ते झालं होतं. मी बायकोला विचारलं, काढून टाकू का सगळं?

“मले नका विचारू. तुमचं काम हाय ते.”

“आणि चक्की?”

“ते माह्यं काम हाय.”

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. बोलण्याजोगा विषय दुसरा नव्हता, म्हणून बोलणंच कमी झालं.

मग एका सकाळी गोलांमध्ये डबे दिसले. आधी एक, मग तीन, मग आठवडाभरात पूर्वीइतके. बायकोने मोटार सुरू केली, मी वजनाला उभा राहिलो. काय बदललं ते मला कळत नव्हतं. शेवटी एका बाईने ज्वारीचा डबा ठेवता ठेवता माझ्याकडे पाहून हसत म्हटलं, “भाऊ, काय बनवता हो तुम्ही फोटो! आमी तर खरंच समजलो.”

“म्हणजे?”

“चाचानं सांगितलं ना. तुम्ही कधी गेलेच नाई म्हने कुठं. घरीच बसून कम्प्युटरवर बनवता. पानी, नारळ, सारं.”

मी वजन अर्धवट ठेवून चाचांकडे गेलो. ते पायरीवर बसून प्लग घासत होते. दुकान बंद असलं तरी हात चालू असायचे.

“चाचा, हे काय सांगितलं तुम्ही लोकांना?”

“काय सांगितलं? भाऊ घरचाच मानूस हाय, कुठं जात नाई, असं सांगितलं.”

“मी गेलो होतो. तिकीट लावलं होतं ना दारावर.”

“मले मालूम हाय ना. मी कुठं नाई म्हनतो?” त्यांनी प्लग उजेडात धरून पाहिला. “दळन येऊन राह्यलं का नाई?”

“येतंय.”

“मंग? भाभीचा धंदा चालू झाला. तुमचा तसाबी बंदच हाय. आता सच्चाई सांगत फिरता का घरोघरी? सांगा. उद्या मोजा किती डबे येते ते.”

मला राग आला होता. ज्या माणसाने शहाळ्याची किंमतही दोघांना विचारून लिहिली, त्याच्याबद्दल गाव म्हणत होतं की त्याने बोट, पाणी आणि शहाळं घरात बसून तयार केलं. आणि ते खोडून काढायचं तर एकच वाक्य पुरे होतं: मी खरंच केरळला गेलो होतो. तेच तर मी दारावर चिकटवलं होतं. मी परत येऊन वजनाला उभा राहिलो. बायकोने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती पट्ट्याच्या आवाजात मोठ्याने म्हणाली, “सांगता का मंग लोकायले?” मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पुढचं दळण चक्कीच्या वरच्या कोठीत ओतलं.

उरलेले भाग मी टाकले. तारखेसह. आता गावात कोणी घाबरत नव्हतं, उलट चक्कीवर कौतुक व्हायचं. “या टायमाले हत्ती काय असली केला हो!” एकीने नातवाचा काश्मीरचा फोटो बनवून मागितला, बर्फात. मी म्हटलं, मला येत नाही. ती रुसली. लोकांना वाटू लागलं, भाऊला गर्व आहे. आठवा भाग टाकला तेव्हा तो वाचणाऱ्यांची संख्या इतकी कमी होती, की मला वाटलं आकडा चुकलाय. पुन्हा पाहिला. चुकला नव्हता. फी चक्कीवरच भरली, दोन हप्त्यांत.

पुढे सगळं उघडलं. गाड्या सुरू झाल्या, ग्रुपवर पुन्हा डोंगर आले. काहींनी जुन्याच लेखांच्या मथळ्यात नवीन साल घातलं आणि त्यांचं बरं चाललं. मला ते जमलं नाही. माझ्या केरळच्या लेखांसाठी मी पुन्हा फोन लावले, तर एक लॉज बंद होऊन तिथे दुसरंच काही आलं होतं, आणि बोटीविषयी सांगणाऱ्या माणसाचा नंबर लागेना. परत जाऊन यायचा खर्च मांडून पाहिला. लेखातून तो निघेल असं कुठल्याच बाजूने दिसेना. बायको म्हणाली, “जायचं तर जा, चक्की मी पाहीन.” मी तिला आकडा सांगितला. तिने परत आग्रह केला नाही. एव्हाना तिचा उजवा खांदा दुखायला लागला होता आणि डबे उचलायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते आजही माझ्याकडेच आहे. दुपारी चक्की बंद झाल्यावर कधीतरी लिहायला बसतो, पण अंगावर पीठ असतं आणि डोळा लागतो.

मागच्या हिवाळ्यात चक्कीवर दोघी बायका बोलत होत्या. एकीच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पोरं लग्नानंतर केरळला जायचं म्हणत होती. ती माझ्याकडे वळली, बहुतेक काहीतरी विचारायला, तर दुसरीने तिला कोपराने ढोसलं. “त्यायले काय विचारतं? ते कुठं गेलेत? घरीच तर बनवत होते.”

दोघी हसल्या. मी डबा काट्यावर ठेवला. हे मला नवीन नव्हतं, मी ऐकून सोडत आलो होतो.

बायको चाळणी झटकत होती. ती थांबली.

“गेलते ते,” ती म्हणाली. “नागपूरहून रेल्वेनं गेलते. एकटेच. मी सोता डबा बांधून देल्ला होता.” आणि जायचं तिकीट किती लागलं, यायचं किती लागलं, तेही तिने सांगितलं. दोन्ही आकडे बरोबर होते. तिला ते माहीत असतील असं मला वाटलं नव्हतं.

“बाप्पा,” ती बाई मैत्रिणीला म्हणाली, “वहिनीलेबी पाठ करून ठेवाले लावलं वाटते.” तिने डबा कमरेवर घेतला आणि दोघी हसत हसत ओटा उतरल्या.