अल खर्जच्या गोठ्यावरचं लग्न

शरीफा दाभोळहून रियाधला आली तेव्हा तिला कॅमेरा कुठून धरायचा हेही ठाऊक नव्हतं. नवरा उस्मान तिथल्या अल मलाझ भागात एका स्टुडिओत फोटोग्राफर होता. लग्नाची कामं यायची, पण त्याला पुरुषांच्या बाजूला चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांचेच फोटो मिळायचे. नवरी, मेंदी, दागिने, सगळा थाट बायकांच्या हॉलात, आणि तिथे परका पुरुष पाऊल टाकू शकत नव्हता. शेवटी उस्माननेच तिला शिकवलं. घरातल्या सुरईवर, मग शेजारणीच्या पोरींवर हात बसवला, आणि वर्षभरात शरीफा एकटी हॉलात जायला लागली.

पुढची पंधराएक वर्षं ती अशीच हिंडली. रियाधमधले हॉल झालेच, शिवाय बुरैदा, मजमा, अल खर्ज. उस्मान गाडी हाकायचा, तिला बायकांच्या दाराशी सोडायचा आणि गाडीतच झोप काढायचा. रोल धुवायचं कामही तिचंच, कारण ते फोटो पुरुषाच्या नजरेला पडून चालत नसत. शुक्रवारी स्टुडिओ बंद असला की ती डार्करूममध्ये शिरायची आणि उस्मान बाहेर स्टूल टाकून बसायचा. प्रिंट आणि निगेटिव्ह, सगळं नवरीच्या आईच्या हाती द्यायचं. शेकडो नवऱ्या तिने सजलेल्या पाहिल्या, पण कुणाला दाखवायला त्यातला एक फोटो तिच्याजवळ नव्हता. तिला त्याचं काही वाटत नसे.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि स्टुडिओवर वेगळीच झुंबड उडाली. जो तो गावी निघालेला, प्रत्येकाला पासपोर्टचे फोटो हवे. उस्मान सकाळपासून पांढऱ्या पडद्यासमोर एकेक माणूस बसवत होता. नोव्हेंबरातल्या एका दुपारी एका गिऱ्हाइकाची मान सरळ करता करता तो खाली कोसळला. स्टुडिओतला जलाल, चिपळूणकडचा, त्याला गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला.

शरीफा पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. इस्पितळात सुनीता नावाची कोल्हापूरची नर्स होती. तिने मराठीतून सांगितलं. नोरीन नावाची एक आयरिश नर्स शरीफाशेजारी बसून राहिली. हाताला हात लावला नाही, बोलली नाही, नुसती बसली. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी दफन करून आली. बायकांना तिथे जायची पद्धत नव्हती, त्यामुळे कबर कुठल्या बाजूला आहे हे शरीफाला सांगोवांगीच कळलं. जलाल दाराबाहेर उभा राहून म्हणाला, ‘‘भाबी, जाताना त्यांनी गाडीत कलमा पढला. मी कानांनी ऐकला.’’

शरीफा इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, लग्नकार्याला तर नाहीच. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर, तेव्हा इद्दत संपली की गावी जायचं हे ठरल्यासारखंच होतं. कफील, म्हणजे उस्मानचा तिथला हमीदार, भला माणूस, घाई नको म्हणाला. दाभोळहून लेक रुकय्याचा शेजारच्या फोनवर फोन यायचा. ती रडायची आणि शरीफा तिला भात उरतो का, पोराचा खोकला गेला का, असलं काहीबाही विचारायची.

जानेवारीत लढाई पेटली. विमानं बंद झाली. विषारी वायूच्या भीतीने लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली. क्षेपणास्त्राचा भोंगा झाला की सगळी इमारत जिन्याखाली जमायची. शेजारीण दार बडवून दमायची, आतून शरीफा म्हणायची, ‘‘तुम्ही व्हा पुढे.’’ आणि पडून राहायची. ते धाडस नव्हतं. उठावंसं वाटत नव्हतं, इतकंच. एकदा लांब कुठेतरी मोठा आवाज झाला, काचा थरथरल्या. तिने कूस बदलली.

फेब्रुवारीत सुनीता घरी आली. तिला बोलायला अवघड जात होतं. नोरीनचं लग्न तिच्या गावी, आयर्लंडमध्ये व्हायचं होतं. विमानं बंद, शिवाय युद्धात नर्सना रजा नाही. नवरा मुलगा डेक्लन, तोही तिकडचाच, अल खर्जच्या दूध डेअरीवर गाईंची व्यवस्था बघत होता. वकिलातीत सह्या झाल्या होत्या. आता डेअरीवर दुपारचं जेवण, आणि आईवडिलांना पाठवायला फोटो. नोरीनने शरीफाचं नाव घेतलं होतं.

‘‘मी इद्दतीत आहे, बाय,’’ शरीफा म्हणाली.

‘‘ठाऊक आहे, भाबी. मी तिला सांगितलंसुद्धा. चुकलं माझं, निघते.’’

‘‘विधवा बाई लग्नात उभी राहिलेली चालेल का, ते विचारलंस?’’

‘‘विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.’’

घरात बसलं काय आणि तिकडे गेलं काय, तिला दोन्ही सारखंच वाटत होतं. तिने विचारलं, ‘‘किती वाजता निघायचं?’’ कुणाचा सल्ला तिने घेतला नाही.

नर्सांच्या गाडीतून ती गेली. रस्त्यावर लष्कराचे ट्रक रांगेने चालले होते. डेअरीवर लांबलचक छपरांखाली काळ्यापांढऱ्या गाई उभ्या होत्या. लढाई असो नसो, त्यांची धार काढावीच लागत होती. पलीकडे वाळवंटात पाण्यावर पोसलेलं लसूणघासाचं हिरवंगार शेत होतं. फोटो तिथेच काढायचे, असं नोरीनचं म्हणणं. लांबून गावासारखं दिसेल, म्हणाली.

पुरुष आणि बाया एकत्र असलेलं लग्न शरीफाने कधी टिपलं नव्हतं. नवरीचा पदर, ओढणी ती सवयीने हाताने सारखी करायची. इथे नवरदेवाची कॉलर वाकडी होती आणि तिला हात लावता येईना. ‘‘त्याला कॉलर नीट करायला सांग,’’ ती सुनीताला म्हणाली. सुनीताने सांगितलं, त्याने केली, पुन्हा वाकडी झाली. तीनचार वेळा तेच झालं तेव्हा सगळे हसले. शरीफाने तो फोटो घेतला. आपल्याला हसू आलं नाही हे तिच्या ध्यानात आलं, पण हात बरोबर चालत होता. उजेड कुठून येतो, डोळे कधी मिटतात, सगळं हाताला माहीत होतं. तेवढ्यात जवळच्या तळावरून लढाऊ विमानं डोक्यावरून गेली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिची झाली नाही. तिने बटण दाबलं.

जेवताना नोरीन ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. काहीतरी हळू आवाजात बोलली. सुनीता तोंडातला घास चावायची थांबली.

‘‘काय म्हणते?’’

‘‘म्हणते, तुमच्या मालकांचे डोळे तिने मिटले. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.’’

‘‘तिला विचार, शेवटी ते काही बोलले का.’’

सुनीताने विचारलं नाही. नोरीनकडे न बघता ती म्हणाली, ‘‘भाबी, आणलं तेव्हाच ते गेलेले होते. बराच वेळ झाला असावा. स्टुडिओतच गेले असतील.’’

‘‘बरं,’’ शरीफा म्हणाली. समोर उकडलेला बटाटा होता, तो तिने संपवला. नोरीनने पुन्हा वाढला, तोही खाल्ला. मग ती उठून राहिलेले फोटो काढायला गेली.

त्या शुक्रवारी ती रोल धुवायला स्टुडिओत गेली. या रोलमध्ये पुरुष होते, तो कुणीही धुतला असता. पण तिने धुतला. काम झाल्यावर तिने किल्ली घेऊन आलेल्या जलालला दाराशी बोलावलं.

‘‘गाडीत त्यांनी खरंच कलमा पढला?’’

जलाल चपलेकडे बघत म्हणाला, ‘‘भाबी, गाडी मीच चालवत होतो. मागे ते एकटे होते. मी घाबरलो होतो, एकदाही मागे वळून बघितलं नाही.’’

‘‘मग असं का सांगितलंस?’’

‘‘तुम्ही काहीच बोलत नव्हता. रडतही नव्हता. मला वाटलं, एवढं ऐकून तरी रडाल.’’

तिला राग आला नाही. तो बिचारा इतके दिवस हे घेऊन फिरत होता, एवढंच तिच्या मनात आलं. ‘‘सांगितलंस ते बरं केलंस,’’ ती म्हणाली आणि फोटो पाकिटात घालून सुनीताकडे पोचते केले.

लढाई थांबली, इद्दत संपली, विमानं सुरू झाली. एप्रिलमध्ये शरीफा दाभोळला उतरली. रुकय्या गळ्यात पडून रडली, आळीतल्या बाया जमल्या, त्याही रडल्या. शरीफाने सगळ्यांसाठी चहा टाकला. बाया नंतर आपापसांत म्हणाल्या की हिचं काळीज दगडाचं झालंय. ते तिच्या कानावर आलं, आणि त्यांचं चुकतं असं काही तिला वाटलं नाही.

पावसाळ्यानंतर दापोलीत स्टँडजवळ तिने एक खोली घेतली. कॅमेरावाली बाई म्हणून नाव होत गेलं. खेड, मंडणगड, श्रीवर्धनपर्यंत ती एसटीने जायची, हिंदूंची लग्नंही घ्यायची.

रडू तिला आलं ते पुढच्या वर्षी, खेडच्या एका हॉलात. तसं कारण असं काहीच घडलं नव्हतं. जेवणं चालू होती, कुणीतरी भातावर वरण वाढत होतं. तिला एकदम उभं राहवेना. कॅमेरा मांडीवर घेऊन ती भिंतीकडच्या खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. एका बाईने पाण्याचा पेला आणून दिला, काही विचारलं नाही. शरीफा पाणी प्यायली. मग कुणीतरी हाक मारली, पाठवणीची वेळ झाली होती, आणि ती उठली.