शेवटच्या थांब्यापर्यंत

आत्या लांब पल्ल्याची बस चालवते. डेपोत ड्रायव्हर म्हणून बाई ती एकटीच. कुणी कौतुक करायला गेलं तर म्हणते, "स्टिअरिंगला कुठे कळतं हात कुणाचे आहेत ते?"

सगळ्या ड्रायव्हरांची नशेची तपासणी होणार असं कळलं, तेव्हा ती नेमकी खोकल्याने बेजार होती. बाबांनी औषधाची बाटली आणली. आत्याने डोळे बारीक करून लेबल वाचलं आणि बाटली परत केली.

"दादा, यात गुंगीचं औषध आहे. तपासणीत सापडलं तर माझी बस तू चालवणार का?"

"मी चालवली तर लोक उतरून चालत जातील," बाबा म्हणाले.

"अगं, कर नाही त्याला डर कशाला?" आईने समजूत घातली.

"डर नाही, वहिनी. पण इतकी वर्षं जपलेलं एका चमच्यात कशाला घालवू?"

मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखल्या, पण बाटलीला तिने हात लावला नाही.

तपासणीच्या सकाळी मी सोबत गेले. नर्सने लघवीच्या नमुन्यासाठी झाकणाचा कप दिला. आत्या आत गेली आणि रिकामा कप घेऊन बाहेर आली.

"थोडं पाणी घ्या," नर्स म्हणाली. "पण फार नको. नमुना पातळ झाला तर धरत नाहीत."

आपलं उरकून बसलेला एक मिशीवाला ड्रायव्हर हसला. "काय ताई, टाकी रिकामी?"

"टाकी भरलीय हो. नळच उघडत नाही."

मिशीवाल्याचं हसू ओसरलं. तोही त्याच मार्गावर गाडी चालवायचा. पुरुष कुठेही गाडी बाजूला घेतात. बाईला त्या रस्त्यावर आडोसा नाही. आत्याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या थांब्यापर्यंत धरून ठेवायची सवय लावून घेतली होती. तिथे गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, की मगच. शरीर इतकं आज्ञाधारक झालं होतं की आता सुटी द्यायची म्हटली तरी ऐकेना.

दुसऱ्यांदाही कप रिकामाच आला. नर्सचा आवाज खाली गेला. "बाई, दुपारपर्यंत नाही झालं तर तपासणीला नकार दिला असं धरतात. मग गाडी देत नाहीत. माझ्या हातात नाही हो."

खोकल्याचं औषधसुद्धा न घेतलेली माझी आत्या, आणि ठपका नशेचा. तिने हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि डोळे मिटले.

मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. मग तिचा डावा पाय हळूच खाली गेला, हात गुडघ्याजवळ पुढे सरकला. पुन्हा पाय.

"आत्या?"

"बोलू नकोस. घाटात आहे."

मिशीवाला तिच्या हातांकडे टक लावून पाहत होता. "आता अरुंद पूल लागेल," तो माझ्या कानाशी कुजबुजला, आणि खरंच तिचा उजवा पाय ब्रेकवर आला. पुढे तिने एक लांबलचक रिकामा रस्ता मान जराही न हलवता कापला. नर्ससुद्धा पेन खाली ठेवून बघत राहिली. शेवटी आत्याने दोन्ही हातांनी मोठं वळण घेतलं, पाय दाबला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली.

उठली, कप उचलला आणि आत गेली.

निकाल पुढे स्वच्छच आला, आणि बस तिच्याकडेच राहिली. पण माझी मान ताठ झाली ती त्या दिवशीच, ती भरलेला कप घेऊन बाहेर आली तेव्हा. मिशीवाला उभा राहिला होता.

"ताई, गाडी वेळेत आणलीत."

"घाटात पुढे ट्रक होता," आत्या म्हणाली. "नाहीतर आधीच आले असते."